ओठ उचलून बघणं

मांजरं पाळणारी माणसं एकत्र जमली की बोलण्याचे विषय ठरलेले असतात. काय खातं, किती झोपतं, सोफ्याचं काय केलं, लस कधी द्यायची, जंताचं औषध कसं पाजायचं. दातांचा विषय सहसा निघत नाही. निघालाच तर ‘हल्ली तोंडाला जरा वास येतो’ इथे सुरू होतो आणि ‘मांजरच ते, येणारच’ इथे संपतो. मला हे ‘येणारच’ खटकतं. नुकतंच खाल्लेल्या खाण्याचा वास थोडा वेळ रेंगाळेल, ते समजू शकतं. पण मांजर अंगावर येऊन बसल्यावर आपल्याला मान फिरवावीशी वाटत असेल, तर त्याच्या तोंडात काहीतरी बिघडलेलं असतं.

मुळात मांजराचं तोंड आपण बघतच नाही. ते जांभई देतं तेव्हा क्षणभर सगळं दिसतं. चार सुळे, टाळूवरच्या आडव्या वळ्या, काटेरी जीभ. आपण ‘वाघाची मावशी!’ म्हणेपर्यंत ते मिटलेलं असतं. गालातले दात, म्हणजे जिथे खरी भानगड होते ते, जांभईतही नीट दिसत नाहीत. त्यासाठी ओठ बाजूने उचलावा लागतो. एरवी मांजराच्या अंगावरचा केस न केस ओळखणाऱ्या माणसांनीही हे कधी केलेलं नसतं.

मला या दातांचं कौतुक आहे. मोठ्या मांजराला ३० दात असतात, वर १६ आणि खाली १४. पुढचे बारा इतके बारके की असून नसल्यासारखे. सुळे भक्ष्य धरायला. आणि मागे, वरच्या जबड्यातला मोठा गालदात आणि खालची शेवटची दाढ कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना घासून जातात. दळायला सपाट दाढ एकही नाही. खालचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, वर-खाली होतो, बस. म्हणजे मांजर चावून चावून खात नाही. ते कापतं आणि गिळतं. (हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.) पिल्लाला दुधाचे २६ दात असतात. तीन-चार आठवड्यांचं असताना ते येऊ लागतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात आलेले असतात. पडलेले दात बहुतेक वेळा खाण्याबरोबर पोटात जातात, त्यामुळे हा सगळा सोहळा घरात कुणाला कळतही नाही.

आपल्या दाताला लागते तशी कीड मांजराच्या दाताला जवळपास लागत नाही. अन्न अडकून राहील असे खळगे त्या दातांवर नाहीत. साखरेशी त्याचं देणंघेणं नाही, गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मार्जारकुळात निकामी झालेलं आहे. शिवाय त्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी. इथवर वाचून हेवा वाटला असेल तर थांबा, कारण अशी लाळ किडीपासून वाचवते पण दातांवर क्षार बसायला मदत करते. कीड गेली आणि किटण आलं, असा तो सौदा आहे.

किटण कसं चढतं हे एकदा कळलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात. दात कितीही लख्ख केला तरी काही तासांत त्यावर जिवाणूंचा चिकट, डोळ्यांना न दिसणारा थर बसू लागतो. तो प्लाक. तो मऊ असतो, कापडाच्या तुकड्यानेही पुसला जातो. दोन-तीन दिवस त्याला कुणी हात लावला नाही तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि तो कडक, पिवळट-तपकिरी होतो. मग तो ब्रशला दाद देत नाही. आपल्याला दिसतं ते हे किटण, पण नुकसान करतो तो हिरडीच्या काठाखाली सरकलेला थर. आधी हिरडीच्या कडेला लाल रेघ उमटते. इथवर माघार घेता येते, दात स्वच्छ केले की हिरडी पूर्ववत होते. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागलं की ते परत येत नाही.

ब्रश रोज का, याचं उत्तर त्या दोन-तीन दिवसांत आहे. रोज जमलं तर उत्तम, एक दिवसाआड चालेल. आठवड्यातून एकदा रविवारी ब्रश करणं हा घरच्यांच्या समाधानासाठीचा विधी आहे, त्याला माझा विरोध नाही, पण मांजराच्या हिरड्यांना त्याचा फारसा फायदा नाही.

इथे हमखास एक प्रश्न येतो: ‘जंगलातल्या मांजरांचे दात कोण घासतं?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण वादच संपवला असा भाव असतो. मला त्यावर मॅरियन बेटाची मांजरं आठवतात. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या वाटेवर हे दक्षिण आफ्रिकेचं बेट आहे. तिथल्या हवामान केंद्रात उंदीर फार झाले म्हणून १९४९ साली पाच मांजरं नेली. त्यांची हजारो झाली आणि ती उंदरांऐवजी समुद्रपक्ष्यांवर जगू लागली. शेवटी पक्षी वाचवण्यासाठी मांजरांना बेटावरून संपवावं लागलं. ती गोष्ट वेगळी आणि दुःखाची. पण त्यांच्या कवट्या अभ्यासकांनी जपून ठेवल्या आणि १९९६ साली त्यांच्या दातांवरचे निष्कर्ष छापून आले. पिढ्यान्‌पिढ्या कच्चं मांस, हाडं, पिसं खाल्लेली ही मांजरं. त्यांच्या दातांवर किटण फारच कमी होतं. पण दाताभोवतीचं हाड झिजवणारा रोग निम्म्याहून जास्त मांजरांत होता. म्हणजे रानटी आहाराने दात वरून स्वच्छ दिसले, हिरड्या वाचल्या नाहीत. रानातल्या मांजराचे दात कोणी घासत नाही हे खरंच आहे. ते दुखणं घेऊन जगतं आणि लवकर मरतं, एवढंच.

आणि दुखतं हे ते सांगत नाही. कुत्रं विव्हळेल, पाय धरून बसेल, मांजर मात्र दुखणं लपवतं. शिकार करणारा हा प्राणी स्वतः आकाराने एवढा लहान की दुसऱ्या कुणाचीही शिकार होऊ शकतो, आणि अशाला अशक्त दिसणं परवडत नाही. म्हणून दात दुखणारं मांजर सहसा खाणं सोडत नाही, हा मुद्दा मी ज्याला त्याला सांगत असते. ‘खातंय ना, मग ठीक आहे’ हे वाक्य दातांच्या बाबतीत कुचकामी आहे. खाणं बदलतं, सहसा बंद होत नाही. कोरडा खाऊ सोडून ओल्याकडे वळतं. मान वाकडी करून एकाच बाजूने खातं. दाणा उचलतं, पाडतं, पुन्हा उचलतं. भुकेने ताटलीपाशी येतं, एक घास घेतं आणि कुणीतरी फटका मारल्यासारखं मागे उडी मारून ताटलीवरच फिस्कारतं. अंग चाटणं कमी होतं, मग पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या दिसायला लागतात आणि आपण शाम्पू शोधतो. पंजा तोंडावर घासणं, हनुवटी ओली असणं ही लक्षणं बरीच उशिराची. यातलं काही दिसायला लागलं तर ब्रशचा विचार बाजूला ठेवायचा. दुखऱ्या तोंडात ब्रश घालणं म्हणजे मांजराला आयुष्यभरासाठी ब्रशचा शत्रू बनवणं. आधी डॉक्टर, मग सगळं.

आता तो ब्रश. आमच्या घरात दोन मांजरं आहेत. ठमी नावाची वयस्क भाटी आणि बंड्या नावाचा बोका, जो नावाला जागतो. दोघांवर एकच पद्धत वापरली आणि निकाल अगदी दोन टोकांचे आले.

पद्धतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला ब्रश आणायचाच नाही. मांजर स्वतःहून मांडीवर आलेलं असतं, गाल खाजवून घेत असतं, तेव्हा बोट ओठाच्या कडेवरून फिरवायचं आणि विषय सोडून द्यायचा. त्याला वाटलं पाहिजे की लाड चालले आहेत, आणि खरंच लाडच चाललेले असले पाहिजेत. काही दिवसांनी ओठ किंचित उचलायचा. मग बोटावर मांजरांसाठीची टूथपेस्ट घ्यायची आणि नुसती चाटू द्यायची. या पेस्टला कोंबडीची, माशाची अशी चव असते. आपल्याला वास सहन होत नाही, पण आपलं मत कुणी विचारलेलं नाही. मग पेस्ट लावलेलं बोट दातांवरून फिरवायचं. मग बोटाला गुंडाळलेलं पातळ कापड. ब्रश त्याच्याही नंतर, अगदी बारक्या डोक्याचा आणि मऊ केसांचा. यात दोन आठवडे जातील किंवा दोन महिने. एखाद्या दिवशी त्याने मान काढून घेतली की त्या दिवसाचं काम संपलं. दोघांनी धरून, टॉवेलात गुंडाळून दात घासता येतात, एकदा. दुसऱ्या वेळी मांजर पलंगाखाली असतं.

तोंड उघडावं लागत नाही, ही यातली सोय. दातांची फक्त बाहेरची बाजू घासायची, आतल्या बाजूला मांजराची खरखरीत जीभ बरंच काम करते. सुळ्यांपाशी सुरुवात करून मागे जायचं. वरच्या गालदातांवर भर द्यायचा, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात आणि किटण सर्वांत आधी तिथे चढतं. हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या कडेवरून ब्रश फिरला पाहिजे. सगळं मिळून अर्धा मिनिट पुरे. पिल्लापासून सवय लावली तर सोन्याहून पिवळं. मात्र दात बदलायच्या दिवसांत हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हा नुसती तोंडाला हात लावू द्यायची सवय ठेवावी आणि ब्रश लांब.

आपली टूथपेस्ट मांजराला चालत नाही. त्यातला फेस आणि फ्लोराइड आपण थुंकून टाकतो, मांजराला थुंकता येत नाही, ते सगळं गिळतं. दातदुखीवरचे आपले घरगुती उपायही त्याच्या बाबतीत विसरायचे. लवंगतेलातल्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, इतर सुगंधी तेलांचंही तेच. पॅरासिटामॉल तर सरळ विष आहे, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण दुखतंय म्हणून कळवळून गोळीचा तुकडा देणारी माणसं निष्ठुर नसतात, प्रेमळच असतात.

ठमीने ब्रश स्वीकारला. आनंदाने नव्हे, एखादी वडीलधारी बाई डॉक्टरांना नाडी बघू देते तशा मुद्रेने. बंड्याने पेस्ट मनापासून स्वीकारली आणि ब्रश कायमचा नाकारला. त्याच्यासाठी इतर मार्ग आहेत. प्लाक कमी करणारे खास दंत-खाऊ मिळतात. त्यांचे दाणे मोठे असतात आणि आतल्या तंतूंची रचना अशी की दात आत रुततो आणि पुसला जातो, दाणा लगेच फुटत नाही. साधा कोरडा खाऊ दात साफ करतो हा मात्र समज आहे. दाताचं टोक लागताक्षणी तो दाणा फुटतो, आणि अर्धे दाणे तर अख्खे गिळले जातात. पाण्यात घालायची द्रावणं, जेल, चघळायच्या गोष्टी यांचा बाजार मोठा आहे आणि वेष्टनावर काहीही लिहिलेलं असतं. अमेरिकेत १९९७ पासून व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था अशा उत्पादनांच्या चाचण्यांचे निकाल तपासून मान्यता देते. तिच्या यादीत नाव असेल तर निदान दाव्यामागे काही पुरावा आहे असं धरता येतं. कठीण हाडं मात्र नकोत. मांजराच्या सुळ्यात गर जवळजवळ टोकापर्यंत असतो, त्यामुळे टोकाचा छोटा टवका उडाला तरी तो गर उघडा पडू शकतो.

बंड्याचे दात ठमीइतके स्वच्छ राहणार नाहीत. त्याच्या बाबतीत तपासणीवर जास्त भर द्यायचा, असं आम्ही ठरवलं आहे.

पण खरी गोष्ट ठमीची आहे. जिचे दात नियमाने घासले जात होते, तिचाच दात गेला. ब्रश करताना खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या गालदातावर हिरडी जरा चढून आल्यासारखी, लालभडक दिसली. तिथे ब्रश टेकला तर तिचा जबडा थरथरला. खाणंपिणं व्यवस्थित होतं, गुरगुरणंही. बाकी कुठलंच लक्षण नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं आणि नाव सांगितलं: टूथ रिसॉर्प्शन. शरीरातल्याच पेशी दात आतून-बाहेरून विरघळवू लागतात. मांजरांत हे अतिशय सर्रास आढळतं, वय वाढेल तसं जास्त, आणि सुरुवात बऱ्याचदा नेमक्या याच दातापासून होते. का होतं, ते अजून कुणालाही नक्की सांगता येत नाही. त्यामुळे टाळायचं कसं, तेही सांगता येत नाही. ब्रशने ते थांबत नाही. भरून दुरुस्त होत नाही. दात काढणं हाच उपाय, आणि मुळाची अवस्था एक्स-रेमध्ये बघितल्याशिवाय कसा काढायचा ते ठरत नाही. काही दातांचं मूळ हाडात विरून गेलेलं असतं, तिथे वरचा भाग काढून हिरडी शिवतात. मूळ शाबूत असेल तर ते पूर्ण काढावं लागतं.

मी तेव्हा डॉक्टरांना विचारलं, मग एवढं रोज घासून उपयोग काय झाला? ते म्हणाले, “रोज घासत होता म्हणून तर दिसलं. नाहीतर तुम्ही ते तोंड कधी बघणार होता?”

तेव्हापासून ब्रशकडे बघण्याची माझी नजर बदलली. प्लाक पुसला जातो हा अर्धा फायदा. दुसरा अर्धा म्हणजे रोज कुणीतरी त्या ओठाखाली बघतं आणि मांजर ते बघू देतं. ज्यांच्या मांजरांना ब्रश कदापि मान्य नाही त्यांनाही हा दुसरा अर्धा भाग मिळू शकतो. बंड्याचंही आम्ही तेवढं करतो: ओठ उचलला, एक नजर, सोडला. हिरडी गुलाबी की लाल, एखादा दात तुटलाय का, जिभेखाली किंवा जबड्यावर न भरणारं काही आहे का. वयस्क मांजरांत तोंडाचा कर्करोग होतो आणि सुरुवातीला तो खराब दातासारखाच भासतो. लवकर दिसणं यापलीकडे तिथे आपल्या हातात फार थोडं असतं. काही मांजरांना सगळ्या तोंडाला आग झाल्यासारखा दाह होतो, घशाच्या कडांपर्यंत लाल. स्वतःच्या दातांवरच्या थरालाच शरीर भयंकर प्रतिक्रिया देतं, विषाणूंचाही त्यात संबंध दिसतो. तिथे सगळे गालदात, कधी सगळेच दात काढावे लागतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण बहुतेक मांजरांना त्यानेच बराच आराम पडतो.

चढलेलं किटण काढायला भूल द्यावी लागते, आणि बहुतेकजण इथेच अडतात. भुलीची भीती मलाही वाटते. आधी रक्ततपासणी, मूत्रपिंड आणि हृदय कसं आहे ते बघणं, श्वासनलिकेत नळी, पूर्णवेळ देखरेख, हे सगळं विचारून घ्यावं आणि विचारताना संकोचू नये. पण भूल न देता दात साफ करून देतो असं कुणी म्हणालं तर तिकडे फिरकू नये. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज या पशुदंततज्ज्ञांच्या संस्थेने या प्रकाराला स्पष्ट विरोध केला आहे, आणि कारण सरळ आहे. जागं मांजर हिरडीखाली हत्यार घालू देत नाही. वरचं किटण खरवडून दात पांढरे दिसतात, रोग खाली तसाच राहतो आणि घरचे निश्चिंत होतात. भुलीत असताना डॉक्टर प्रत्येक दाताभोवती बारीक सळी घालून दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजतात. निरोगी मांजरात ती जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर असते. एक्स-रे काढतात, हिरडीखालून साफ करतात, शेवटी दातांना पॉलिश करतात, कारण खरवडलेल्या पृष्ठभागावर थर लवकर धरतो. त्याच दिवशी संध्याकाळी नवा प्लाक बसायला सुरुवात झालेली असते. म्हणून हिरड्या भरल्या, की घरचा ब्रश पुन्हा सुरू.

ठमीचा दात काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना एकच काळजी: ती खाणार कशी? पुढे आणखी दात गेले तर? अख्ख्या तोंडाचं बोळकं झालं तर? डॉक्टर हसले. मांजर चावतच नाही तर चावायला दात नाहीत म्हणून अडणार काय, असं त्यांचं म्हणणं. बोळकं झालेली मांजरं ओला खाऊ तर खातातच, काही कोरडे दाणेही मजेत गिळतात. ठमी घरी आली ती भुलीच्या गुंगीत, पहिले दोन दिवस मऊ खाल्लं, वेदनाशामक औषध बिनतक्रार घेतलं. टाके विरघळले. आता ती आधी बंड्याची ताटली संपवते, मग स्वतःच्या ताटलीकडे वळते.